रोझलिंडच्या नावाला यमक

शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये, तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, ऑर्लँडो नावाचा तरुण आर्डनच्या रानात झाडाझाडावर कविता लावत हिंडतो. सगळ्या कविता एकाच मुलीवर आहेत. तिचं नाव रोझलिंड. तिला तो एकदाच भेटला आहे. दरबारी मल्लाला त्याने कुस्तीत चीत केलं, तिने गळ्यातली साखळी काढून त्याला दिली, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून आभाराचा शब्दही फुटला नाही. पुढे भाऊ जिवावर उठल्यामुळे तो घर सोडून रानात आला. आता ती समोर नाही आणि शब्द थांबत नाहीत. रोझलिंडलाही काकाने हद्दपार केलं आहे. ती याच रानात आहे, पुरुषवेषात, गॅनिमीड हे नाव घेऊन. ऑर्लँडोला याचा पत्ता नाही. एका झाडावर तिला कागद मिळतो आणि तो वाचतच ती रंगमंचावर येते.

कागदावर आठ ओळी आहेत. त्यांत रोझलिंड हे नाव चारदा येतं, दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी. आधीच्या ओळीच्या शेवटी त्या नावाशी जुळणारा शब्द: 'इंड' म्हणजे इंडीजचा मुलूख, 'विंड' म्हणजे वारा, 'लाइन्ड' म्हणजे रेखाटलेलं, 'माइंड' म्हणजे मन. विदूषक टचस्टोन शेजारीच उभा आहे. तो उभ्या उभ्या त्याच यमकावर बारा ओळी जुळवून दाखवतो. त्यांत नाव सहादा येतं आणि यमकाचे शब्द येतात हाइंड, काइंड, पुन्हा लाइन्ड, मग बाइंड, राइंड, फाइंड. म्हणजे एका मुलीच्या नावाला इंग्रजीत जुळणारे शब्द शोधायचे, एवढ्या एका खेळावर या वीस ओळी उभ्या आहेत. शेक्सपिअरच्या थोर काव्यात त्यांची गणना कोणी करत नाही. मला मात्र त्या नाटकाच्या गाभ्याशी असलेल्या ओळी वाटतात. नावाला यमक सापडणं वेगळं आणि ते नाव धारण करणारं माणूस सापडणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर शेक्सपिअरने इथे अक्षरशः कानाला ऐकू येईल असं मांडलं आहे.

नाटक १५९९ ते १६०० च्या सुमाराचं. ऑगस्ट १६०० मध्ये लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या नोंदवहीत त्याचं नाव येतं, पण छापील रूपात ते थेट १६२३ च्या फर्स्ट फोलिओत मिळतं. कथानक शेक्सपिअरने टॉमस लॉजच्या १५९० सालच्या 'रोझलिंड' या गद्यकथेवरून घेतलं. त्या कथेचा नायकही प्रेयसीची स्तुती झाडांवर कोरतो, आणि तिचं नाव ध्रुवपदात घोळवणारं एक गीतही त्या कथेत आहे. त्याआधी १५७९ मध्ये स्पेन्सरने 'शेफर्ड्स कॅलेंडर'मध्ये आपल्या मेंढपाळ कवीच्या निष्ठुर प्रेयसीला हेच नाव दिलं होतं. आणखी मागे गेलं तर पेट्रार्क आहे. त्याने लॉरा या नावातून इटालियन भाषेतला लॉरेलचा वृक्ष, वाऱ्याची झुळूक आणि सोनं असे सगळे ध्वनी काढून घेतले. म्हणजे प्रियेच्या नावाभोवती कविता विणण्याची रीत ऑर्लँडोपर्यंत येईतो चांगली रुळलेली होती. तो काही नवं करत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाने त्या काळी जे करायचं तेच तो करतो, आणि मनापासून करतो.

आता हे यमक साधायला किती कठीण आहे ते पाहू. मराठी कानाला ती अडचण चटकन जाणवत नाही. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपंच यमकाला हात देतात. मोरोपंतांसारखा कवी तर त्या संपत्तीवर आर्यांमागून आर्या रचत जातो. इंग्रजीने आपले जुने प्रत्यय बहुतेक टाकून दिले, त्यामुळे तिथे यमक शब्दाच्या अंगातूनच मिळवावं लागतं. शिवाय इंग्रजी यमक आघाताला बांधलेलं असतं. ज्या स्वरावर शब्दाचा मुख्य आघात पडतो तिथपासून शेवटपर्यंत सगळे ध्वनी जुळले, तर ते पूर्ण यमक. 'जिल'ला 'हिल' लगेच मिळते, म्हणून बडबडगीतातली जिल टेकडी चढते. 'रोझलिंड' या तीन अक्षरी नावाचा मुख्य आघात मात्र 'रो'वर आहे. तिथून पुढे सगळं जुळेल असा दुसरा शब्द इंग्रजीत मिळणं जवळजवळ अशक्य. मग कवी शेवटच्या 'लिंड'वर जास्तीचा भार टाकतो आणि तेवढंच जुळवून घेतो.

या भार टाकण्यातून एक सुंदर गोष्ट घडते. ऑर्लँडोच्या ओळी चार आघातांच्या आहेत. नाव ओळीच्या शेवटी आलं की त्यातले दोन आघात, एक 'रो'वरचा आणि एक 'लिंड'वरचा, नावाकडेच जातात. दर दुसऱ्या ओळीची निम्मी लय अशी एकट्या रोझलिंडच्या वाट्याला येते. ओळ काहीही म्हणो, अर्ध्यावर पोचली की ती नावाच्या स्वाधीन होते. ओळ कुठूनही निघाली तरी पोचायचं ठिकाण ठरलेलं. प्रेमात बुडालेल्या माणसाच्या मनाची ठेवण यापेक्षा नेमकी छंदात कशी उतरावी?

उच्चाराचाही एक पेच इथे आहे, आणि नटांना तो हवाहवासा वाटतो. आज वाऱ्याला इंग्रजीत 'विंड' म्हणतात आणि मनाला 'माइंड'. दोन्ही जुळत नाहीत. शेक्सपिअरच्या काळच्या कवितेत वारा 'वाइंड' असाही म्हटला जाई आणि 'माइंड'शी बिनदिक्कत जुळे. मग मुलीच्या नावाचं काय करायचं? शेवटच्या 'माइंड'शी जुळवायचं तर ते 'रोझलाइंड' होतं. आजच्या रंगभूमीवर रोझलिंडचं काम करणारी नटी पुष्कळदा इथे स्वतःचं नाव असं ताणून वाचते आणि प्रेक्षकांत हशा पिकतो. तो हशा अर्थपूर्ण आहे. यमकाच्या हट्टापायी खुद्द मुलीचं नाव वाकवलं गेलं आहे, आणि ते वाकवलेलं नाव तिला स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागतं आहे. कवीला ती जशी हवी तशी ती ऐकू येते. जशी आहे तशी अजून नाही.

ऑर्लँडोचे चार शब्द आता अर्थाच्या अंगाने पाहिले तर हेच दिसतं. पहिल्या जोडीत तो पूर्वेपासून पश्चिमेच्या इंडीजपर्यंतची रत्नं धुंडाळतो आणि तिच्या तोडीचं एकही नाही म्हणतो. दुसरीत तिची कीर्ती वाऱ्यावर स्वार होऊन जगभर फिरते. तिसरीत उत्तमोत्तम चित्रं तिच्यापुढे काळी ठरतात. चौथीत कोणाही दुसरीचं रूप मनात ठेवू नये असं तो बजावतो. सगळं दूरचं, भव्य आणि निराकार. परदेश, वारा, कुणीतरी काढलेली चित्रं, मन. यात तिचे डोळे नाहीत, तिचा आवाज नाही, कुस्तीच्या दिवशी ती काय बोलली ते नाही, तिने दिलेली साखळीसुद्धा नाही. चित्रं तिच्यापुढे काळी पडतात, पण तिचं चित्र कोणी काढलेलंच नाही. ही अक्षरशः कोणत्याही सुंदर मुलीवर चालतील अशी विधानं आहेत. तिची एवढी एकच खूण त्यांत आहे, ती म्हणजे नाव.

म्हणून या ओळी वाईट आहेत असं म्हणून टीकाकार पुढे जातात. मला इथे थांबून शेक्सपिअरचं कसब पाहावंसं वाटतं. १६०९ मध्ये छापलेल्या त्याच्या १५४ सुनीतांतल्या ओळी आणि या आठ ओळी एकाच कानाने ऐकलेल्या आहेत. ज्याला यमकाचं सारं बळ ठाऊक आहे तोच यमकाची अशी नेमकी दुर्बलता लिहू शकतो. ओळींचा दोष अचूक निवडलेला आहे. शब्द मुलीमुळे आलेले नाहीत, नावाच्या ध्वनीमुळे आलेले आहेत. तरीही भावना खोटी नाही. उत्साह आहे, निष्ठा आहे, एका नावापाशी पुन्हा पुन्हा परतण्याचा भोळा आनंद आहे. कच्ची कविता आणि सच्चं प्रेम एकाच जागी नांदू शकतात, हे शेक्सपिअरला माहीत होतं, आणि त्याने दोघांचाही मान राखला.

आता टचस्टोन. रोझलिंडचं वाचन संपताच तो म्हणतो की जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सोडल्या तर अशी यमकं मी सलग आठ वर्षं जुळवून देईन. बाजाराला निघालेल्या लोणीवाल्या बायकांच्या रांगेची एकसुरी चाल त्याला या ओळींत ऐकू येते. मग तो आपल्या बारा ओळी म्हणतो. विडंबन म्हणून त्या प्रसिद्ध आहेत, पण त्यांतली शब्दांची निवड नुसत्या थट्टेच्या फार पुढे जाते.

पहिल्या जोडीत हरिणाला हरिणी हवी, तर त्याने रोझलिंडला शोधावं, असं तो सांगतो. दुसरीत मांजर आपल्या जातीच्या ओढीने जाते, तशी तीही जाईल. तिसरीत हिवाळी कपड्यांना अस्तर लागतं, सडपातळ रोझलिंडलाही ते लागेल. चौथीत पीक कापलं की पेंढ्या बांधायच्या आणि गाडीत घालायच्या, त्या गाडीत रोझलिंडही. पाचवीत गोड गराच्या फळाला आंबट साल असते, आणि रोझलिंड तसंच फळ आहे. सहावीत ज्याला गोड गुलाब शोधायचा त्याला काटाही मिळणार, आणि रोझलिंडही मिळणार. ध्वनी तोच. पण ऑर्लँडोने त्या ध्वनीतून आकाश काढलं होतं, टचस्टोन त्यातूनच जमीन काढतो. हरिणी, मांजर, अस्तर, पेंढी, साल, काटा: सगळं हाताला लागणारं, रानातलं, शेतातलं आणि शरीराचं. इंग्रजी भाषेत रोझलिंडच्या नावाशेजारी हे शब्द आधीपासूनच उभे होते. ऑर्लँडोने त्यांच्याकडे पाहिलं नाही, एवढंच.

'लाइन्ड' हा एकच शब्द दोघांनी वापरला आहे, आणि या वीस ओळींतली सर्वांत धारदार जागा मला हीच वाटते. ऑर्लँडोच्या तोंडी त्याचा अर्थ रेषांनी रेखाटलेलं चित्र. टचस्टोनच्या तोंडी तोच शब्द कपड्याचं अस्तर होतो, आणि त्या काळच्या बोलीत जनावरांच्या जोडी लागण्याचा अर्थही त्यात दडलेला असे. चौथ्या जोडीतली गाडीही अशीच दुहेरी आहे. एकीकडे सुगीची गाडी, दुसरीकडे एलिझाबेथच्या काळात वेश्यांची धिंड ज्या गाडीतून काढत ती गाडी. शेवटच्या जोडीतला काटाही उघड शरीराकडे बोट दाखवतो. शृंगाराचं हे रांगडं रूप आपल्या लावणीच्या श्रोत्याला अनोळखी वाटणार नाही. ऑर्लँडोच्या ओळींतली मुलगी देहाशिवायची होती. टचस्टोन तिला देह देतो, थोडा उद्धटपणे देतो, पण देतो.

शेवटच्या जोडीत आणखी एक किमया आहे. तिथे ओळीच्या मध्यावर 'रोझ' म्हणजे गुलाब येतो आणि ओळीच्या अखेरीस 'फाइंड' हे यमक. नावाचं पूर्वांग आणि उत्तरांग असं एका ओळीत उलगडतं, आणि लगेच पुढच्या ओळीत पूर्ण नाव येतं. ऑर्लँडोने चार वेळा नाव घेतलं, पण नावाच्या शेपटाशीच खेळला. त्याच्या पहिल्या अर्ध्यात गुलाब आहे हे त्याच्या कवितेला सुचलं नाही. स्पॅनिशमध्ये हे नाव सुंदर गुलाब असंच ऐकू येतं. विदूषकाला तो गुलाब दिसला, आणि काट्यासकट दिसला. चेष्टा करणाऱ्याने नाव अधिक लक्षपूर्वक ऐकलं होतं.

रोझलिंड विदूषकाला गप्प करते आणि हे कागद मला झाडावर मिळाले असं सांगते. झाडाने फळ वाईट दिलं, असं तो म्हणतो. त्यावर ती त्याच्यावरच मेडलर या फळाची कोटी उलटवते. मेडलर पिकून मऊ पडल्याखेरीज, जवळपास सडल्याखेरीज खाता येत नाही. तूही अर्धा पिकायच्या आतच सडशील, असा तिचा टोला. विदूषकाच्या फळ, साल, काटा या भाषेतच ती त्याला उत्तर देते, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. तिला त्या भाषेचा विटाळ नाही. आकाशातल्या रत्नाच्या उपमेने ती लाजत नाही आणि सालीच्या उपमेने दुखावत नाही.

तेवढ्यात तिची चुलतबहीण सेलिया दुसरी कविता वाचत येते. ही लांबलचक आहे. तीत कवी सांगतो की सुंदर फांद्यांवर आणि प्रत्येक वाक्याच्या अखेरीस मी हे नाव लिहीन. गंमत अशी की ज्या ओळीत हे नाव येतं त्या ओळीच्या शेवटी ते नसतं. 'रोझलिंडा' असं जास्तीच्या स्वराने लांबलेलं नाव ओळीच्या पोटात बसतं आणि यमक 'लिहिणे' या अर्थाच्या शब्दावर पडतं. मराठी उखाण्याचा कारभार असाच चालतो. उखाण्यात नाव बहुधा दुसऱ्या ओळीच्या मध्ये येतं आणि यमक आजूबाजूच्या सोप्या शब्दांवर सोपवलेलं असतं. म्हणून एकच उखाणा कितीतरी लग्नांत चालतो. नाव बदललं तरी ओळ मोडत नाही. झाडावरच्या पहिल्या कवितेचं तसं नाही. तिथून रोझलिंड काढली तर आठही ओळी कोसळतात. कवितेत दुसरं काही नसेना, तिच्यावाचून ती उभी राहत नाही, आणि प्रेमकवितेकडून तेवढी निष्ठा मागणं रास्त आहे.

लांब कवितेत ऑर्लँडो हेलेनचा गाल, क्लिओपात्राचा डौल, अटलांटाचा सर्वोत्तम गुण आणि लुक्रेशियाचं शील एकत्र करून रोझलिंड घडवतो. नावाच्या यमकाची सक्ती सुटली तरी ती अजून इतर बायकांचे तुकडे जोडूनच बनते आहे. रोझलिंडला हे प्रवचन कंटाळवाणं वाटतं. कवितेला चरण जरा जास्तच होते आणि तेही लंगडे, असा तिचा अभिप्राय. मग ती म्हणते की मागच्या जन्मी मी आयर्लंडातला उंदीर होते, तेव्हापासून माझ्यावर एवढी यमकं कोणी घातली नव्हती. आयरिश कवी यमकं म्हणून उंदीर मारतात, असा त्या काळच्या इंग्लंडमधला समज होता, आणि पुनर्जन्मासाठी ती पायथागोरसचा दाखला देते. आपल्या नावाच्या यमकांनी आपण मारले जाऊ शकतो, हे तिने हसत हसत सांगितलं आहे. प्रेमात नाव सतत ऐकणं सुखाचं असतं. पण नावाच्या प्रतिध्वनीत माणूस गुदमरूही शकतो, हे ज्याचं नाव घेतलं जातं त्यालाच कळतं.

एडगर ॲलन पो याची 'द रेव्हन' ही कविता इथे शेजारी ठेवून पाहावी. २९ जानेवारी १८४५ रोजी न्यू यॉर्कच्या 'ईव्हनिंग मिरर'मध्ये ती छापली गेली. तिच्या अठराही कडव्यांचा शेवट 'लेनोर' या नावाशी जुळणाऱ्या एकाच ध्वनीवर होतो. दार, जमीन, किनारा, आणि 'पुन्हा कधीच नाही' या अर्थाचा कावळ्याचा शब्द, सगळे त्या एका नावाचे प्रतिध्वनी आहेत. पोने पुढच्या वर्षी 'फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन' या निबंधात तो ध्वनी आपण कसा तोलूनमापून निवडला ते सविस्तर सांगितलं. तिथे यमक श्वास रोखायला लावतं, कारण लेनोर मेलेली आहे. ती उत्तर देऊ शकत नाही, नावाचा ध्वनी मागे राहिला आहे आणि त्या ध्वनीखेरीज दुसरं काही परत येत नाही. मृत प्रेयसीच्या नावाला यमक पुरतं. रोझलिंड जिवंत आहे, याच रानात उभी आहे, कविता वाचते आहे आणि तिला त्यावर मत आहे. जिवंत माणसाच्या नावाला यमक पुरत नाही, ही या प्रवेशाची सारी गोडी आहे.

कविता कोणाच्या आहेत हे कळताच याच रोझलिंडचं सगळं टीकाकौशल्य गळून पडतं. तो काय म्हणाला, कसा दिसत होता, कुठे राहतो, माझ्याबद्दल विचारलं का, पुन्हा कधी भेटेल, असे प्रश्न ती एका श्वासात विचारते आणि सेलियाने सगळ्याचं उत्तर एका शब्दात द्यावं म्हणते. कवितेला नापास करणारी मुलगी कवीवर आधीच जीव टाकून बसली आहे. शेक्सपिअर दोन्ही गोष्टी एकमेकींना धक्का न लावता शेजारी ठेवतो.

आणि त्याच प्रवेशात, पुढच्या संवादात, ऑर्लँडो नकळत कवी होतो. उदासवाणा जॅक्वीझ त्याला म्हणतो, तुझ्या प्रेयसीचं नाव मला आवडत नाही. ऑर्लँडो शांतपणे सांगतो की तिचं बारसं झालं तेव्हा तुम्हाला खूश करण्याचा कोणाचा बेत नव्हता. ती केवढी उंच आहे, असं जॅक्वीझ विचारतो. आपल्या हृदयापर्यंत येते, असं तो उत्तर देतो. ही सारी गद्यातली वाक्यं आहेत. पण रोझलिंडचं पहिलं खरं मोजमाप इथे मिळतं. कोणत्याही इंडीजच्या रत्नाशी तुलना नाही; एका देहाशेजारी उभा असलेला दुसरा देह आहे आणि त्या दोघांमधलं अंतर आहे. आठ ओळींत न सापडलेली मुलगी एका उत्तरात सापडते.

इथून पुढे नाटकात त्या नावाचं काय होतं, त्याचा माग काढणं मला फार आनंदाचं वाटलं. गॅनिमीडने ऑर्लँडोपुढे रोझलिंडचं सोंग वठवायचं, असं दोघांत ठरलेलं असतं. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला ऑर्लँडो येतो आणि गॅनिमीडला रोझलिंड मानून अभिवादन करतो. ती ओळ पाच आघातांची आहे आणि नाव पुन्हा शेवटी आहे, पण या वेळी यमक नाही. ओळ ऐकताच जॅक्वीझ निर्यमक पद्यात बोलणाऱ्यांचा कंटाळा येऊन निघून जातो. मग दोघांचं खोटंखोटं लग्न लागतं. ती विचारते, रोझलिंडला किती काळ ठेवशील? अनंतकाळ आणि वर एक दिवस, असं तो म्हणतो. अनंतकाळ काढून टाक, एक दिवसच ठेव, असं ती त्याला शिकवते. लग्नाआधीचे पुरुष वसंतासारखे आणि लग्नानंतरचे हिवाळ्यासारखे. मुलींचंही आकाश लग्नानंतर पालटतं, हेही ती सांगते. टचस्टोनची आठ वर्षं, त्याचे हिवाळी कपडे आणि आंबट साल आठवा. विदूषकाने यमकात जे विस्कटून दाखवलं, तेच रोझलिंड आता प्रेमाने, समजावून, ऑर्लँडोपुढे ठेवते आहे. दोघांच्या कविता तिच्यात एकत्र आल्या आहेत.

पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मेंढपाळ सिल्व्हियस, मेंढपाळीण फीबी, ऑर्लँडो आणि रोझलिंड एकापाठोपाठ एक आपलं प्रेम कोणावर आहे ते सांगतात. फीबी, गॅनिमीड, रोझलिंड, कोणतीच स्त्री नाही. प्रत्येकाचं वाक्य एका नावापाशी किंवा नकारापाशी थांबतं, फेरीमागून फेरी होते, आणि एकही यमक जुळत नाही. लांब कवितेत ऑर्लँडोने प्रत्येक वाक्याच्या अखेरीस नाव लिहीन म्हटलं होतं. ते वचन तो इथे पाळतो, आणि ध्वनीच्या मदतीशिवाय पाळतो. रोझलिंड अखेर हे थांबवते. चंद्राकडे तोंड करून आयरिश लांडगे ओरडतात तसं हे चाललं आहे, म्हणते. यमकांच्या वेळी आयर्लंडचा उंदीर होता, आता आयर्लंडचे लांडगे आहेत. तो प्रदेश तिच्या तोंडी दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा नावाचा जप अति झाला तेव्हाच.

शेवटच्या प्रवेशात ती स्वतःच्या वेषात येते. तिचे वडील आणि ऑर्लँडो जवळपास एकसारखी वाक्यं बोलतात. डोळ्यांना दिसतं ते खरं असेल तर तू माझी मुलगी आहेस, असं वडील म्हणतात. ऑर्लँडोच्या वाक्यात मुलीच्या जागी तिचं नाव येतं. ओळीच्या शेवटी पुन्हा रोझलिंड. लगेच पुढे फीबीला आपल्या प्रेमाचा निरोप घ्यायला यमक मिळतं, तिच्या भोवतीच्या ओळी जुळतात. ऑर्लँडोची ओळ न जुळता उभी राहते. तिसऱ्या अंकात या नावाला जोडीदार शब्द सापडावा म्हणून त्याने पृथ्वी पालथी घातली होती. आता ते नाव ओळीच्या शेवटी एकटं आहे, कारण ज्याच्याशी ते जुळायचं ते माणूस समोर आलं आहे.

म्हणून ऑर्लँडोच्या आठ आणि टचस्टोनच्या बारा ओळी वेगवेगळ्या वाचू नयेत, असं मी आग्रहाने म्हणेन. एकात रोझलिंडचं तेज आहे, दुसऱ्यात तिचा देह, ऋतू आणि काटा आहे. दोन्ही मिळून जी मुलगी होते, तीच पुढच्या दोन अंकांत बोलते, शिकवते आणि जिंकते. एका नावाच्या यमकांचा एवढा पल्ला इंग्रजी साहित्यात मला दुसरीकडे मिळालेला नाही. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मूळ इंग्रजीत मोठ्याने वाचा, नाव 'रोझलिंड' आणि 'रोझलाइंड' दोन्ही रीतींनी उच्चारून पाहा, आणि मग लगेच शेवटच्या प्रवेशातली ऑर्लँडोची ती एक ओळ वाचा. यमकापासून माणसापर्यंतचा रस्ता त्या वाचनातच पार होतो.